जपानीची धुळाक्षरे

(माध्यमिक शिक्षक, विस्तार अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)

दिवसभर राबून संध्याकाळी पाटी हाती धरणारा विद्यार्थी महाराष्ट्राला नवा नाही. महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी व मजूर यांच्यासाठी रात्रीची शाळा काढली. पुढे मुंबईच्या गिरणगावात रात्रशाळांनी कामगारांच्या पिढ्या शिकविल्या. त्याच परंपरेची एक निराळी फांदी अलीकडे चांगली वाढली आहे. कारखान्यातील पाळी संपवून, कार्यालयातील टपाल आवरून किंवा महाविद्यालयातील तास उरकून काही मंडळी संध्याकाळी बाकावर येऊन बसतात आणि जपानी भाषेची धुळाक्षरे गिरवू लागतात.

पुणे हे या अभ्यासाचे महाराष्ट्रातील मोठे केंद्र होय. फर्ग्युसन महाविद्यालय रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. टिळक महाराष्ट्र विद्यापीठातही जपानीचे शिक्षण दिले जाते. खाजगी वर्ग तर पेठापेठांतून आहेत. चाकण, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यात जपानी कंपन्यांचे कारखाने उभे राहिल्यापासून त्या भाषेला नोकरीच्या बाजारातही किंमत आली. सिंहगड रस्त्यावर ओकायामा शहरातील कोराकुएन बागेच्या धर्तीवर उभारलेले उद्यान २००६ साली खुले झाले. त्याला नाव मिळाले ‘पूर्वरंग’मध्ये जपानचे प्रवासवर्णन लिहिणाऱ्या पु. ल. देशपांडे यांचे, हाही एक सुरेख योग म्हणावयाचा. २०१७ साली तर भारतातील शंभर उच्च शिक्षण संस्थांत जपानीचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू करण्याचे व एक हजार शिक्षक तयार करण्याचे उद्दिष्ट उभय देशांच्या पंतप्रधानांनी जाहीर केले.

आता हे लोण तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचू लागले आहे. साहजिकच शिक्षकांकडे आणि पंचायत सदस्यांकडे पालक विचारणा करू लागले आहेत. मुलाने बारावी केली, आय.टी.आय. केले, जपानी शिकला तर तिकडे काम मिळते म्हणतात, पण त्याचे इंग्रजी कच्चे आहे, त्याला ही चिनी चित्रांची भाषा झेपेल काय? या प्रश्नात दोन समजुती दडलेल्या आहेत. एक, जपानी ही मराठी माणसाला सर्वस्वी परकी भाषा आहे. दुसरी, तिच्याकडे जाणारी वाट इंग्रजीतूनच जाते. दोन्ही समजुती तपासून घेण्याजोग्या आहेत; कारण त्यांच्यापायी कितीतरी मराठी माध्यमाची मुले पहिल्या आठवड्यातच मागे फिरतात.

वर्गाच्या पहिल्या संध्याकाळी फळ्यावर जपानी वर्णमाला लिहिली जाते. स्वर पाच : आ, इ, उ, ए, ओ. मग ओळी लागतात : का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. इंग्रजीची ए-बी-सी-डी पाठ केलेल्या विद्यार्थ्याला यात काही विशेष वाटत नाही; परंतु मराठी पहिलीचा तक्ता ज्याने मन लावून पाहिला आहे त्याच्या लक्षात यावे की, हा क्रम घरचाच आहे. आधी कंठ्य ‘का’, शेवटी ‘या, रा, वा’. मधला ‘सा’ बसला आहे तो आपल्या च-वर्गाच्या जागी, कारण प्राचीन जपानीत त्याचा उच्चार च-कडे झुकणारा होता. ‘हा’ बसला आहे तो प-वर्गाच्या जागी, कारण तो मूळचा ‘पा’. याची खूण आजही लिपीत शिल्लक आहे. अक्षराच्या खांद्यावर दोन बारीक रेघा दिल्या की अघोष वर्ण सघोष होतो : ‘का’चा ‘गा’, ‘ता’चा ‘दा’. या नियमाने ‘हा’चा मात्र ‘बा’ होतो! इंग्रजीतून शिकणारा हे निमूटपणे पाठ करतो. प, फ, ब, भ, म एका श्वासात म्हणणाऱ्या मुलाला तेच एका वाक्यात समजावून देता येते.

हा योगायोग नव्हे. बौद्ध भिक्षूंनी संस्कृत मंत्रांच्या अध्ययनासाठी भारताची सिद्धम् लिपी व तिच्याबरोबर आपले वर्णशास्त्र जपानमध्ये नेले. चीनमध्ये अध्ययन करून ८०६ साली परतलेले आचार्य कूकाई यांचे नाव या संदर्भात प्रामुख्याने घेतले जाते. त्याच सिद्धम्‌च्या अभ्यासातून पुढे जपानी अक्षरांना हा क्रम मिळाला. कूकाईंनी स्थापिलेल्या कोयासान या पर्वतावरील विद्यापीठात २०१५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा पुतळा उभारण्यात आला.

उच्चारांच्या बाबतीतही मराठी विद्यार्थ्याची बाजू भक्कम आहे. ‘त्सुनामी’ या शब्दातील पहिला वर्ण जगातील अनेकांची जीभ अडवितो. मराठी माणूस ‘चूक’, ‘चूल’ हे शब्द बोलताना तो वर्ण नकळत उच्चारतो. ‘जमीन’मधला ज आणि ‘जीवन’मधला ज वेगळा, हे त्याच्या कानाला लहानपणापासून ठाऊक असते, जपानीतही असाच भेद आहे. ऱ्हस्व-दीर्घाचे म्हणाल तर मराठी शाळेत ज्यासाठी लाल शाई खर्ची पडते, ते जपानीत अर्थच पालटून टाकते. ‘ओबासान’ म्हणजे मावशी किंवा काकू आणि मधला ‘आ’ लांबविला की तीच आजी होते. ‘युकि’ म्हणजे बर्फ, ‘यूकि’ म्हणजे धैर्य. जोडाक्षराचेही तसेच : ‘किते’ म्हणजे ये, ‘कित्ते’ म्हणजे टपालाचे तिकीट. ‘दिली’ आणि ‘दिल्ली’ यांत गल्लत न करणाऱ्याला हे अवघड जाऊ नये. अडचण येते ती ‘ल’ची. तो जपानीत नाही. महाप्राण वर्णही नाहीत. त्यामुळे पाटलांचे ‘पातिरु-सान’ आणि भोसल्यांचे ‘बोसुरे-सान’ होतात. पहिल्या आठवड्यात आणखी एक चूक हमखास होते. ‘सान’ हा आदरार्थी शब्द स्वतःच्याच नावाला जोडून विद्यार्थी उभा राहतो आणि ‘मी पाटीलसाहेब’ अशी स्वतःची ओळख करून देतो.

तथापि, खरी मौज वाक्यरचनेत आहे. पुढील वाक्य पाहावे : ‘वाताशि वा पुणे कारा मुंबई मादे देन्शा दे इकिमासु.’ मी, पुण्यापासून मुंबईपर्यंत आगगाडीने जातो. ‘वाताशि’ म्हणजे मी. ‘कारा’ म्हणजे पासून. ‘मादे’ म्हणजे पर्यंत. ‘देन्शा’ म्हणजे विजेची आगगाडी. तिला लागलेला ‘दे’ म्हणजे आपला तृतीयेचा ‘ने’. आणि क्रियापद शेवटी. एकही शब्द जागचा हलवावा लागत नाही. हेच वाक्य इंग्रजीतून समजून घेणाऱ्याला ते उलटेपालटे करावे लागते. पाठीमागचे पुढे आणि पुढचे पाठीमागे. प्रश्न विचारावयाचा तर शेवटी ‘का’ जोडावयाचा : ‘इकिमासु का?’ म्हणजे ‘जाता का?’ आणि समोरच्याची संमती गृहीत धरावयाची असेल तेथे मराठी माणूस ‘ना’ म्हणतो, जपानी माणूस ‘ने’ म्हणतो. ‘कारा’, ‘मादे’, ‘दे’ यांसारख्या शब्दांना जपानी व्याकरणात ‘जोशी’ अशी संज्ञा आहे. पुण्याच्या वर्गात हे नाव प्रथम उच्चारले जाते तेव्हा हशा पिकल्यावाचून राहत नाही, आणि बाकावर एखादे जोशी बसलेले असतातच.

संयुक्त क्रियापदांत तर हे साम्य थक्क करणारे आहे. ‘ताबेते मिरु’ : ‘ताबेते’ म्हणजे खाऊन, ‘मिरु’ म्हणजे पाहणे, खाऊन पाहणे. ‘काइते ओकु’ म्हणजे लिहून ठेवणे. ‘मोत्ते कुरु’ म्हणजे घेऊन येणे. ‘ताबेते शिमाउ’ म्हणजे खाऊन टाकणे. खाऊन ‘पाहणे’ यात डोळ्यांचा संबंध काय, असे मराठी माणूस विचारत नाही. त्याला ते उपजत ठाऊक असते. इंग्रजीत मात्र अशी रचना नसल्यामुळे पाठ्यपुस्तकातील इंग्रजी टीपेला त्यासाठी अर्धे पान खर्चावे लागते. ते अर्धे पान वाचून गोंधळलेला विद्यार्थी ‘हे मला जमणार नाही’ असे म्हणतो, तेव्हा वास्तविक त्याला जपानी अडलेली नसते, इंग्रजी अडलेली असते. शिक्षकाने फळ्यावर ‘करून पाहणे’ एवढे दोन शब्द लिहिले असते तर काम भागले असते. वर्ग पुण्यातला, शिक्षक मराठी, विद्यार्थी मराठी आणि समजावणी मात्र इंग्रजीत, हा प्रकार अनाकलनीय आहे.

अर्थात साम्य आहे म्हणून नाते आहे असे नव्हे. मराठी व जपानी या भिन्न कुळांतील भाषा आहेत. ‘शिका’ म्हणजे जपानीत हरीण. त्यावरून काही सिद्ध होत नाही. मात्र ‘पाव’ या शब्दाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. जपानीत पावाला ‘पान’ म्हणतात. सोळाव्या शतकात पोर्तुगीज गलबते गोव्याला लागली तशी जपानलाही लागली. एकाच पोर्तुगीज शब्दातून इकडे पाव झाला, तिकडे पान झाला. तंबाखू आणि ‘ताबाको’ यांचेही तसेच.

काही गोष्टी मराठीपेक्षा सोप्या आहेत. नामाला लिंग नाही, त्यामुळे तो-ती-तेचा घोळ नाही. मी जातो, ती जाते, ते जातात. सर्वांना एकच ‘इकिमासु’. अकरा म्हणजे दहा-एक आणि एकवीस म्हणजे दोन-दहा-एक, इतकी सरळ संख्यावाचनाची रीत. (२०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ ही रीत आली तेव्हा केवढा वाद माजला, हे शिक्षकांना आठवत असेल.) मोठ्या संख्या मात्र जपून घ्याव्या लागतात. जपानी हिशेब लाखाने चालत नाही, दहा हजारांच्या ‘मान’ या एककाने चालतो. दोन लाख येन म्हणजे वीस मान. पगाराचा आकडा ऐकताना येथे चूक झाली तर ती महागात पडते.

मग अवघड काय? अवघड आहे ती लिपी, आणि त्याबाबत कोणी कोणाची फसवणूक करू नये. जपानी लेखनात तीन लिप्या एकाच ओळीत नांदतात. हिरागाना ही देशी शब्दांची व प्रत्ययांची. काताकाना ही परकीय शब्दांची. दोहोंत प्रत्येकी ४६ मूळ अक्षरे. नियमित घोटली तर ती महिना-दीड महिन्यात हाताखाली येतात. काताकानातील ‘शि’ व ‘त्सु’, तसेच ‘सो’ व ‘न’ यांच्यात केवळ फटकाऱ्याच्या दिशेचा भेद आहे. तेथे पदवीधर विद्यार्थीही अडखळतो आणि प्रौढ साक्षरता वर्गातील नवसाक्षर घ-ध, भ-म यांवर का थांबत असे, ते त्याला प्रथमच उमगते.

तिसरी लिपी कांजी, म्हणजे चीनमधून आलेली चित्राक्षरे. दैनंदिन व्यवहारासाठी सरकारमान्य अशा कांजींची संख्या २०१० पासून २,१३६ आहे. त्यांपैकी १,०२६ जपानी मुले प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत शिकतात. आरंभ रंजक असतो. एक उभी रेघ, एक आडवी आणि दोन तिरक्या फांद्या म्हणजे झाड. दोन झाडे म्हणजे वन. तीन झाडे म्हणजे अरण्य. झाडाच्या कडेला माणूस टेकला म्हणजे विश्रांती. पुढे कळते की, एकाच चिन्हाचे उच्चार दोन-दोन, तीन-तीन आहेत. पाण्याचे चिन्ह एकटे असले तर ‘मिझु’, समासात गेले की ‘सुइ’. विद्यार्थी येथे कपाळाला हात लावतो. पण पाटबंधारे खात्यातील कारकूनसुद्धा घरी ‘पाणी’ आणतो आणि टिपणीत ‘जलसंधारण’ लिहितो. बोलण्यात तद्भव आणि समासात तत्सम ही मराठीचीच चाल आहे; जपानीत संस्कृतच्या जागी चिनी आहे, इतकाच फरक.

वारांची नावे हे याचे उत्तम उदाहरण. रविवार सूर्याचा, सोमवार चंद्राचा, आणि पुढचे पाचही ग्रह आपल्याच क्रमाने. जपानीत मंगळाला ‘अग्नीचा तारा’ म्हणतात, म्हणून मंगळवारची कांजी अग्नीची. हे चमत्कारिक वाटणाऱ्याने पंचांगातील अंगारकी चतुर्थी कोणत्या वारी येते ते पाहावे. अंगारक म्हणजे तरी काय, निखाराच!

मराठी जेथे साथ सोडते अशाही जागा आहेत. ‘देणे’ या एका क्रियापदाऐवजी, मी दुसऱ्याला दिले की दुसऱ्याने मला दिले, यानुसार निरनिराळी क्रियापदे वापरावी लागतात. लांब वस्तू मोजण्याचे शब्द वेगळे, पातळ सपाट वस्तूंचे वेगळे. शिवाय ‘इप्पोन, निहोन, साम्बोन’ असा प्रत्येक पायरीवर उच्चार बदलतो. वर्गात शिकविले जाणारे सभ्य ‘देसु-मासु’ रूप आणि कारखान्यात कानावर पडणारे रोखठोक रूप यांतही अंतर आहे. पाठ्यपुस्तकातील मराठी शिकून आलेल्याला बाजारच्या दिवशी जे वाटेल तेच येथे वाटते.

वेळेचा हिशेब आता मांडला पाहिजे. जपानी भाषा प्रावीण्य परीक्षा १९८४ पासून घेतली जाते. २०१० पासून तिच्या पाच पातळ्या आहेत. एन-५ सर्वांत खालची, एन-१ सर्वांत वरची. ती जुलै व डिसेंबर महिन्यांच्या पहिल्या रविवारी होते. महाराष्ट्रात पुणे व मुंबई ही तिची केंद्रे आहेत. २००९ पर्यंतच्या जुन्या पद्धतीत प्रत्येक पातळीचे अंदाजी प्रमाण प्रसिद्ध केले जाई : सर्वांत खालच्या पातळीसाठी सुमारे १५० तास, १०० कांजी व ८०० शब्द, तिच्या वरच्या पातळीसाठी ३०० तास, ३०० कांजी व १,५०० शब्द. आजही एन-५ व एन-४ यांचा अंदाज बांधावयास हे प्रमाण उपयोगी पडते. आठवड्यातून तीन संध्याकाळी दोन-दोन तास धरले तर दीडशे तासांना पंचवीस आठवडे लागतात. जूनच्या अखेरीस आरंभ करणाऱ्याला डिसेंबरच्या परीक्षेपर्यंत तेवीस आठवडे मिळतात आणि त्यांतून गणेशोत्सव व दिवाळी वजा करावी लागते. म्हणजे घरी रोज अर्धा तास घोटल्याखेरीज पहिली पायरीदेखील वेळेवर गाठता येत नाही. दुसरी पायरी म्हणजे दुसरे वर्ष. ‘तीन महिन्यांत जपानी’ अशी पाटी लावणाऱ्या वर्गाला हा त्रैराशिकाचा हिशेब कोणीतरी विचारला पाहिजे.

पालकांना हे सांगणे अगत्याचे आहे. कारण कित्येकदा प्रश्न नुसत्या शुल्काचा नसतो, जमिनीवर काढावयाच्या कर्जाचा असतो. जपानने एप्रिल २०१९ पासून ‘विनिर्दिष्ट कुशल कामगार’ हा निवासाचा वर्ग सुरू केला आणि जानेवारी २०२१ मध्ये भारताशी त्यासंबंधी सहकार्याचा करार केला. त्याखाली जाणाऱ्या नव्या उमेदवाराला सामान्यतः दोन गोष्टी लागतात : त्या त्या क्षेत्रातील कौशल्य परीक्षा, आणि भाषेसाठी एन-४ किंवा जपान फाउंडेशनची पायाभूत भाषा परीक्षा. रुग्ण व वृद्ध यांच्या शुश्रूषेच्या कामासाठी त्या क्षेत्राच्या जपानीची आणखी एक परीक्षा असते. वर्गाने स्वतःच दिलेले प्रमाणपत्र, मग ते कितीही सोनेरी असो, यांपैकी कोणत्याही परीक्षेची जागा घेऊ शकत नाही. पैसे भरण्यापूर्वी पालकाने एवढेच विचारावे की, मागील तुकडीतील किती जणांनी एन-४ दिली आणि किती उत्तीर्ण झाले. उत्तर देण्यास जेथे टाळाटाळ होते तेथून उठून यावे.

प्रावीण्य परीक्षेत आणखी एक उणीव आहे. तीत बोलण्याची चाचणी नाही आणि लेखनाचीही नाही. दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडावयाचे असते. पुस्तके पाठ करून उत्तीर्ण झालेला उमेदवार समोर जपानी माणूस उभा राहिला की मुका होतो, तो यामुळेच. संध्याकाळच्या वर्गाचे खरे मोल येथे आहे. जोडीने उभे राहून, चुका करीत, एकमेकांना हसत ‘मुंबईला जाता का?’ असे विचारणे घरी एकट्याने होत नाही. ज्या वर्गात दीड तास शिक्षक बोलतात आणि विद्यार्थी उतरवून घेतात, तो वर्ग संध्याकाळी भरला काय अन् न भरला काय.

गळती केव्हा होते, तेही ठरलेले आहे. अक्षरओळख संपते, कांजी सुरू होते आणि पावसाळा ऐन भरात असतो, तो हा काळ. पाळी बदलते, शेवटची एस.टी. चुकते, दोन पाठ बुडतात आणि मग तोंड दाखविण्याची लाज वाटते. वर्ग चालविणाऱ्यांनी या दिवसांत आठवड्यातील एक तास मागे राहिलेल्यांसाठी राखून ठेवला, आणि बस सुटण्याची वेळ पाहून वर्गाची वेळ बांधली, तर पुष्कळ जण टिकतात. तालुक्याच्या गावी असा वर्ग निघत असेल तर शाळेची खोली संध्याकाळी दोन तास उघडून देणे, दिवा-पंख्याची सोय करणे, मुलींच्या परतीच्या सोबतीची काळजी घेणे, एवढे ग्रामपंचायतीच्या व मुख्याध्यापकांच्या हातचे आहे.

जे टिकतात त्यांना फळ काही वर्षांनी नव्हे, महिन्यांतच दिसू लागते. यंत्रशाळेत जपानी बनावटीच्या यंत्रावर तांबड्या गुंडीशेजारी चार चित्राक्षरे असतात. रोज तिच्यावरून हात फिरविणाऱ्या कामगाराला ती आजवर नक्षीसारखी दिसत आलेली असतात. एका सकाळी पाळीवर येताच तो त्यांपाशी थांबतो आणि एकेक अक्षर लावून वाचतो : हि-जोउ-तेइ-शि. आपत्कालीन थांबा. मग शेजारच्या यंत्रावरची पाटी पाहावयास जातो.